सभासद क्रमांक एक्केचाळीस

समाजकार्याच्या कॉलेजातली मुलगी आली होती.
क्लिपबोर्ड, पाण्याची बाटली, उन्हानं लाल झालेलं नाक.
म्हणाली, काका, जनवाडीतल्या मंडळांवर प्रोजेक्ट आहे.
प्रश्न सातवा :
सभासदत्वाचा तुमच्या जडणघडणीवर किती परिणाम झाला?
एक ते पाच. एक म्हणजे काहीच नाही.

काका म्हणाली. चौतीस वय माझं.

खोली दहा बाय बारा. वर पत्रा,
पत्र्यावर कुणाची तरी कायमची चप्पल.
आत कॅरम, एक कोपरा फुगलेला,
राणी तिकडं गेली की तिथलीच होऊन बसायची.
भिंतीला ढाल : कबड्डी, उपविजेते, साल पुसलेलं.
बाहेर फळा.
वर्गणी महिना पाच रुपये.
आईनं दोन महिन्यांची एकदम दिली,
म्हणाली, तिथं तरी तोंड उघड.

मला पहिलं अक्षर यायचं नाही.
कुणी नाव विचारलं की 'प'पाशीच अडायचो,
विचारणारा पुढं निघून गेलेला असायचा.
पोरं थांबायची, पण नाव पुरं करून द्यायला,
प्रमोद, प्रकाश, प्रशांत,
जे येईल ते.

अंकुश धिवार अध्यक्ष. दिवसा खडकीला, अॅम्युनिशनमध्ये.
त्यानं नाव विचारलंच नाही. खडू दिला.
"रोज सकाळी सहाला. नळाची वेळ, मयत, निकाल.
सुविचार नको. सुविचार सगळ्यांना येतात."

पहिल्या दिवशी ओल्या फडक्यानं फळा पुसला
आणि लगेच लिहायला लागलो.
काही उमटेना. जोर दिला, खडू मोडला,
बोटांवर नुसता पांढरा चिखल.
धिवार गाडीला किक मारता मारता म्हणाला,
"वाळू दे की. फळा काय पळून चाललाय?"

मग उभा राहिलो.
मागं नळावरच्या बायका, हंडे टेकवून,
मी काय लिहितो ते बघत.
एकीनंही माझं वाक्य पुरं केलं नाही.

*गुरुवारी पाणी नाही. भरून ठेवा.*
*तबस्सुम आतार, दहावी, एक्क्याऐंशी टक्के. पेढे तिच्या घरी, मंडळात नाहीत.*
*लोंढेमामा गेले. वैकुंठ, चार वाजता.*
*बी निगेटिव्ह हवंय. ससून. आत्ता.*

त्या दिवशी दहा मिनिटांत अकरा पोरं गेली.
रक्त जुळलं एकाचंच,
बाकीची तिथंच बसून राहिली, चहा पीत, रात्रभर.
माझ्या अक्षरावर गेली होती.

तबस्सुम दोन वर्षं उंबऱ्यात उभी राहून पेपर वाचायची.
तिची पावती कुणी फाडली नाही.
मीही नाही, आणि पावतीपुस्तक तेव्हा माझ्याकडं होतं.
हा प्रश्न तुमच्या कागदावर नाही.

बेचाळीस नंबर चेतन ओव्हाळचा.
फुगलेल्या कोपऱ्यातून राणी काढणारा एकटा तोच.
पुढं फळ्याच्या खिळ्यांना त्याचा फ्लेक्स लागला,
गॉगल, हात जोडलेले, वाढदिवसाच्या शुभेच्छा,
खाली आमचे सगळ्यांचे फोटो, न विचारता.
आता येरवड्याला आहे. हाफ मर्डर.
त्याही रात्री दहा मिनिटांत अकरा पोरं जमली होती.
जमवायचं त्याला कुठं शिकायला मिळालं,
मला माहीत आहे. मी शेजारीच बसलेलो असायचो,
बोरिक पावडर उडवत.

चार लिहा, म्हटलं.
पाच का नाही, तिनं विचारलं.
म्हटलं, एक आत आहे.
तिला वाटलं विनोद केला. हसली. चाराला गोल केला.

शेवटी नाव. ऐच्छिक आहे, म्हणाली.

'प'पाशी आलो.
वॉर्ड ऑफिसच्या खिडकीत अजूनही येतो,
दिवसातून पाच-सहा वेळा,
पलीकडचा माणूस काचेवर बोटं वाजवतो.
पण आता मी खडू दाबत नाही.
ओला असतो तोवर फळा ओलाच असतो.

तिनं पेन कागदावरून उचललं
आणि तसंच धरून ठेवलं.
नळाला अजून वेळ होता.
मागं कुणीतरी रिकामा हंडा फरशीवर टेकवला.